दूधमास्तरांचा उजवा हात

"पानाला विचार, मला काय विचारतोस?"

हे वाक्य दूधमास्तर दिवसातून वीस वेळा म्हणत. एखाद्या शेतकऱ्याने तोडणी कधी करू असे विचारले, तरी हेच. शेंडा आज खुडू की चार दिवसांनी, तरी हेच. एकदा बायकोने विचारले, "अहो, जेवायला वाढू का?" तर तिलाही हेच. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले, पण बोललेला शब्द मागे घेण्याची त्यांना सवय नव्हती. त्या दिवशी ते दुपारपर्यंत उपाशी राहिले.

आता लोक त्यांची गोष्ट सांगतात ती अशी, की एक तिरसट पीक निरीक्षक होता आणि त्याने रागाच्या भरात नोकरीवर लाथ मारली. हे ऐकले की माझे डोके फिरते. मी त्या तंबाखू खरेदी केंद्रावर बावीस वर्षे काट्यावर होतो. गठ्ठा चढवायचा, वजन पुकारायचे, आणि खरेदी नसेल तेव्हा वखारीची किल्ली सांभाळायची, एवढेच माझे काम. मास्तर गेले त्या दिवशी मी काट्याजवळच उभा होतो. म्हणून मी सांगतो, आणि सावकाश सांगतो. घाईने सांगितलेली गोष्ट ओल्या पानासारखी असते. बांधताना वजनदार लागते आणि महिन्याने गठ्ठा उघडावा तर आत बुरशी.

मास्तरांचे घर तंबाखूवालेच. बाप तंबाखू करायचा, आजाही करायचा. तंबाखूचे बी कुणी पाहिले नसेल तर सांगतो, ते धुळीसारखे असते. चिमूटभर बियांत अख्खे रान उभे राहते, आणि शिंक आली तर अख्खे रान उडून जाते. मास्तरांचा बाप दोन्ही पोरांना बी पेरताना तोंडाला फडके बांधायला लावी. थोरला भाऊ शांत, मोठ्या हाडापेराचा, शेतीत रमणारा. धाकटे हे. यांचा हात लहानपणापासून पानावर असा फिरे की डोळे मिटून सांगत, हे बुडाचे, हे मधले, हे शेंड्याजवळचे. कंपनीच्या जुन्या निरीक्षकाने ते पाहिले आणि त्यांना हाताखाली घेतले. पुढे ते स्वतः निरीक्षक झाले. आपले रान मात्र सोडले नाही. पहाटे स्वतःची तंबाखू, दिवसभर लोकांची.

निरीक्षकाचे काम रानोरान हिंडून पीक पाहायचे. रोप कसे उभे आहे, फुटवे वेळेवर काढले की नाही, औषध किती मारले. आणि सगळ्यात मोठे काम म्हणजे चट्टा शोधायचा. कागदावर त्या रोगाला मोठे नाव आहे, आम्ही नुसता चट्टा म्हणतो. हिरव्या पानावर फिकट डाग उठतात, पान चितकबरे होते, मग आक्रसते. त्यावर औषध नाही. रोप उपटायचे आणि जाळायचे. हा रोग वाऱ्याने येत नाही, पाण्याने येत नाही, किड्यानेही येत नाही. तो माणसाच्या हाताने येतो. आजारी पानाला लागलेली बोटे निरोगी पानाला लागली की झाले. वाळलेल्या पानात तो वर्षानुवर्षे जिवंत राहतो. खिशात सिगारेट ठेवून रानात शिरणारा माणूससुद्धा तो घेऊन येतो.

जुन्या निरीक्षकाने मास्तरांना यावरचा एकच उपाय शिकवला होता. रोपाला हात लावण्याआधी हात दुधाने धुवायचे. हसू नका. या रोगाचा जोर दुधाने मोडतो, हे तंबाखूवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मास्तर झाकणाची एक छोटी किटली घेऊन हिंडत. प्रत्येक रानाच्या बांधावर थांबत, उकिडवे बसत, हातावर दूध घेऊन मनगटापर्यंत चोळत, नखांच्या कडांत घालत, आणि मगच आत पाऊल टाकत. बाहेर आल्यावर पुन्हा तेच. त्यावरूनच त्यांना दूधमास्तर हे नाव पडले. परगावची एक बाई तर भांडे घेऊन त्यांच्या दारात आली होती, अर्धा लिटर मिळेल का म्हणून. मास्तर तिच्यावर असे ओरडले की ती भांडे तिथेच टाकून गेली. ते भांडे मास्तरांच्या बायकोने पुढे दहा वर्षे वापरले.

टिंगल पुष्कळ व्हायची. "घरी चहात दूध नाही आणि मास्तरांची बोटं साय खातात," असे आमचा पंपवाला म्हणायचा. तो नदीकाठचा तंबाखूवाला, पाण्याचा पंप त्याच्याकडे म्हणून पंपवाला. मास्तर ऐकून घेत नसत. एकदा हाच पंपवाला तोंडात सिगारेट ठेवून रोपांत वाकला होता. मास्तरांनी ती त्याच्या ओठांतून काढली, बांधावर त्याचा चहा ठेवला होता त्यात बुडवली, आणि कप त्याच्या हातात दिला. "पी," म्हणाले.

राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर होता हे खरे. पण बावीस वर्षांत त्यांच्या यादीतल्या एकाही रानात चट्टा पसरला नाही, हेही खरे. एखाद दुसरे रोप कुठे ना कुठे निघतेच, त्यात कुणाची चूक नसते. ते निघायचे, मास्तर उपटायचे, विषय संपायचा. लोक त्यांना शिव्या देत आणि रान त्यांच्याकडूनच तपासून घेत.

आता दुधाचे सांगतो, कारण सगळे दुधावरच आले.

ते दूध थोरल्या वहिनींच्या गाईचे. थोरला भाऊ भट्टीत वरून पडून गेला. भट्टी म्हणजे पान सुकवायची उंच खोली. आत वरपर्यंत आडव्या फळ्या, त्यांवर पाने बांधलेल्या काठ्या टांगायच्या, आणि खाली ऊब द्यायची. सगळ्यात वरच्या फळीवरून त्याचा पाय निसटला. मागे वहिनी एकट्या, लेकरू नाही. रानाची वाटणी झाली, घर मधोमध भिंत घालून दोन झाले. गाय वहिनींकडे गेली. भट्टी तेवढी सामाईक राहिली, कारण भट्टी कापून वाटता येत नाही.

वहिनी फार कमी बोलत, पण बोलत ते मिठात मुरवून. त्या एकट्यांनी तंबाखू केली आणि चांगली केली. तंबाखूचा परवाना त्यांच्या स्वतःच्या नावावर होता. तो कागद त्यांनी काचेत घालून भिंतीवर लावला होता, जिथे दुसऱ्याच्या घरी फोटो लावतात तिथे. रोज सकाळी दोन घरांच्या अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवर त्या दुधाची किटली ठेवत. मास्तर ती उचलत. बोलणे काही नाही. एकोणीस वर्षे हे असेच चालले होते.

मग भट्टीवरून भांडण झाले.

भट्टीत एकदा पान भरले की सहा दिवस ती दुसऱ्या कुणाला मिळत नाही. आणि पिकलेले पान सहा दिवस थांबत नाही. त्या हंगामात पहिली पाळी मास्तरांची ठरली होती. पण त्यांना लांबच्या गावांची तपासणी लागली, चार दिवसांची. निघायच्या दिवशी सकाळी ते दारात बसून बूट बांधत होते. नाडी तुटली होती, त्यामुळे आधीच पेटलेले होते. भिंतीपलीकडून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझं पान पिकून पिवळं पडलंय. तुम्ही येईपर्यंत थांबायचं नाही. भट्टी आधी मी भरू का?"

मास्तर मान वर न करता म्हणाले, "पानाला विचारा, मला काय विचारता?"

चार दिवसांनी ते परतले तेव्हा भट्टीच्या धुराड्यातून धूर निघत होता, आणि त्यांचे स्वतःचे पान झाडावर तांबूस होऊन लोंबत होते. पिशवी खांद्यावरून न उतरवता ते भिंतीशी गेले.

"भट्टी कुणाला विचारून भरलीत?"

"पानाला," वहिनी म्हणाल्या.

घरातून मास्तरांची बायको हसली. ती मला पुढे म्हणाली, "हसू आवरलंच नाही हो, काय करू." वहिनींचे उत्तर मास्तरांनी कदाचित गिळले असते, ते हसू त्यांना गिळता आले नाही. स्वतःचाच शब्द आपल्या तोंडावर फेकला गेला आणि वर घरचे माणूस हसले. तळपायाची आग मस्तकात गेली.

"उद्यापासून दूध नको," ते म्हणाले.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "गाय काही रडणार नाही."

रिकामी किटली मास्तरांनी भिंतीवर अशी आदळली की तिच्या बुडाला पोचा आला. बायको म्हणाली, दुसरीकडून दूध लावू. तर म्हणे, दुसरीकडचे पाणी घातलेले असते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही शाबूत होता.

ती त्या हंगामाची शेवटची तपासणी होती, म्हणून दुधावाचून लगेच अडले नाही. तो हंगाम सरला. पुढची लागण झाली आणि त्याच सुमारास कंपनीने नवा विभागप्रमुख पाठवला. चांगला शिकलेला, चकचकीत बूट घातलेला माणूस. आल्या आल्या त्याने फर्मान काढले, निरीक्षकाने दिवसाला तीन-चार नव्हे, नऊ-दहा रानं पाहायची. कंपनीने मोटरसायकल दिली. बांधावर बसून दुधाने हात धुवायला वेळ कुठून येणार? त्याने मास्तरांच्या हातात एक बाटली ठेवली. आत पाण्यासारखे काहीतरी होते, वास फुलांचा.

"मास्तर, हे दोन थेंब चोळा, दोन सेकंदांत हात स्वच्छ. दुधाचा तमाशा आता बास."

मी तिथेच होतो. मला वाटले, आता बाटली खिडकीतून जाणार. असल्या द्रवाने दुसरे रोग मरतात, चट्टा मरत नाही, हे मास्तरांनी स्वतः मला दहादा सांगितले होते. पण त्यांनी बाटली खिशात घातली.

मी बाहेर त्यांना गाठले. "मास्तर, दूध?"

"दूध आटलं," ते म्हणाले आणि मोटरसायकलला लाथ मारली.

त्यांना ठाऊक होते, हे लक्षात ठेवा. नकळत झालेल्या चुकीवर मी एवढा कागद खर्च केला नसता.

त्या दिवशी सकाळी ते सगळ्यात आधी पंपवाल्याच्या रानात गेले. तीन रोपांवर चट्टा निघाला. तिन्ही उपटली, पोत्यात घातली, बाटलीतले थेंब हाताला चोळले आणि पुढच्या रानात शिरले. असे करत संध्याकाळपर्यंत आणखी आठ रानं झाली. त्या आठांत एक वहिनींचे.

बाकीच्या रानांत ते दहा-दहा मिनिटे थांबले. वहिनींच्या रानात दीड तास. त्यांना तिथे खोड काढायची होती. डाव्या हातात वही, उजव्या हाताने पान उलटायचे, अशी त्यांची पद्धत. एक सरी धरून जायचे, मधली सरी सोडून पुढच्या सरीने परत यायचे. जाताना उजव्या हाताची ओळ तपासायची, येताना उजव्या हाताची. त्या दिवशी त्यांनी ओळीतले एक रोप सोडले नाही. एक फुटवा राहिलेला सापडावा, एक अळी सापडावी. काही सापडले नाही. वहिनी बांधावर बसून सगळे पाहत होत्या. मास्तर आणखी चिडून निघून गेले.

दोन आठवड्यांनी नऊही रानांत चट्टा उठला. सात रानांत थोडी थोडी रोपे गेली, पंपवाल्याकडे जरा जास्त. वहिनींचे रान जवळजवळ निम्मे चितकबरे झाले.

विभागप्रमुखाला वरून झाडले गेले. त्याने मास्तरांना झाडले. मास्तरांनी अहवाल लिहिला. सगळ्यात जास्त रोग वहिनींच्या रानात, म्हणून सुरुवात तिथूनच. गेल्या सालचे वाळले पान त्या ज्या अंगणात हाताळतात तिथेच त्यांची रोपे ठेवली होती, हात धुतलेले नाहीत, निष्काळजीपणा. मला राग येतो तो याचा, की त्यांनी हे खोटे म्हणून लिहिले नाही. त्यांना ते खरेच वाटले. राग डोक्यात बसला की माणूस पुरावा शोधत नाही, जे समोर दिसेल त्याचा पुरावा करतो.

कंपनीचा नियम असा होता. शेतकऱ्याच्या निष्काळजीपणाने रोग पसरला तर ज्याच्या रानातून तो सुरू झाला त्याचा परवाना कायमचा जातो. परवाना नाही तर पान कुणी घेत नाही, आणि वहिनींना दुसरे काही येत नव्हते. येणार तरी कधी, त्यांचे वय पन्नाशीपुढचे. बाकीच्यांनी आपापली रोपे उपटायची, बदली रोप कुणाला मिळणार नाही. मात्र रोग कंपनीच्या माणसाने आणला असे सिद्ध झाले, तर परवाना राहतो आणि नवी रोपेही कंपनीने द्यायची. ते कलम कुणी कधी वापरलेले पाहिले नव्हते. कंपनीचा माणूस कशाला म्हणेल की मी आणला?

नोटीस द्यायला मास्तर गेले. साक्षीदार लागतो म्हणून मला बरोबर नेले. वहिनी रानातच होत्या. त्यांनी कागद घेतला, वाचला, घडी घातली.

"भाऊजी, हे तुम्ही लिहिलंत?"

"पीक बोलतंय. मी काय लिहिणार."

"मग पिकालाच विचारू," वहिनी म्हणाल्या. "या माझ्याबरोबर."

त्या रानात शिरल्या. मास्तर नाइलाजाने मागे, मी त्यांच्या मागे. चौथ्या-पाचव्या सरीशी त्या थांबल्या.

"मोजा. पहिली ओळ चांगली. दुसरी, तिसरी गेली. चौथी, पाचवी चांगली. सहावी, सातवी गेली. मग दोन चांगल्या, पुन्हा दोन गेलेल्या. शेवटपर्यंत असंच आहे, मी चारदा मोजलंय. मी वाळल्या पानाचे हात घेऊन फिरले असते तर सगळीकडे फिरले असते, माझंच रान आहे. या रोगाला दोन-दोन मोजायला कुणी शिकवलं?"

 मास्तर सरीच्या तोंडाशी गेले आणि रानाकडे पाहत उभे राहिले. मग त्यांचा उजवा हात आपोआप थोडा पुढे आला, पान उलटायला येतो तसा. त्यांनी तो लगेच मागे घेतला.

"आणि हे बघा," वहिनी म्हणाल्या. त्या सहाव्या ओळीत पुढे गेल्या. आजारी ओळीच्या मधोमध अकरा रोपे हिरवीगार उभी होती, डाग नाही. अकरा झाली की पुन्हा चट्टा सुरू. "इथं तुमचा फोन वाजला होता. उजव्या हातात फोन धरून तुम्ही एवढं अंतर बोलत चाललात. जाऊबाईंचा फोन होता. तुम्ही त्यांना म्हणालात, पानाला विचार."

वाऱ्यावर पाने हलत होती. मास्तरांचा चेहरा मी त्याआधी कितीदा लाल झालेला पाहिला होता. त्या वेळी तो लाल झाला नाही. मातीसारखा झाला.

"हात कशानं धुतले होतेत?" वहिनींनी विचारले. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता.

मास्तरांनी खिशातून बाटली काढून दाखवली.

"एकोणीस वर्षं मी गाईच्या आधी उठले," वहिनी म्हणाल्या. "माझ्यावर राग होता तर माझ्यावर काढायचा. दुधावर का काढलात?"

मास्तरांनी त्यांच्या हातातली नोटीस परत घेतली. "उद्या दहाला केंद्रावर या," एवढेच म्हणाले.

"कशाला? दुसरा कागद द्यायला?"

मास्तर थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या अंगणात नऊही तंबाखूवाले जमले. कुणी पालथ्या खोक्यावर, कुणी काट्याच्या कठड्यावर. वहिनी वखारीच्या पायरीवर उभ्या होत्या, बसायला सांगितले तरी बसल्या नाहीत. विभागप्रमुख टेबलाशी बसून निर्णय वाचू लागला. पहिल्या ओळीलाच मास्तर उठले.

"साहेब, थांबा. तो अहवाल चुकलाय."

"मास्तर, आपण आत बसून बोलू."

"आत नको. रानं बाहेरच्यांची गेलीत." मग ते लोकांकडे वळले. मान ताठ ठेवायची त्यांची सवय, ती त्या दिवशी त्यांना फार जड गेली. "पंपवाल्याकडं तीन रोपं निघाली. ती मी उपटली आणि तेच हात घेऊन तुमच्या आठ रानांत शिरलो. रोग कुणी आणला नाही. मी आणला."

 विभागप्रमुख घाईने म्हणाला, "हात स्वच्छ केले होते ना तुम्ही? कंपनीनं द्रव दिला होता."

मास्तरांनी बाटली टेबलावर ठेवली. "दिली तुम्ही. घेतली मी. यानं चट्टा मरत नाही, मला माहीत होतं."

"माहीत होतं तर दूध का सोडलं?" पंपवाला उठून उभा राहिला होता.

हा प्रश्न येणार हे मास्तरांना रात्रभर ठाऊक असणार. तरी बुटाच्या टोकाकडे पाहत ते म्हणाले, "दूध वहिनींच्या घरचं होतं. मला त्यांचा राग आला होता."

"म्हणजे दिरा-भावजयीच्या भांडणात आमची रानं गेली?"

"हो."

"बावीस वर्षं आमच्या तोंडातल्या सिगारेटी काढून चहात बुडवल्यात, मास्तर. आता तुमच्या हाताचं काय करायचं?"

"काय करायचं ते कर," मास्तर म्हणाले, आणि खरोखरच तो हात त्याच्यापुढे धरून उभे राहिले. पंपवाला त्या हाताकडे बघत राहिला, मग बाजूला थुंकला आणि खाली बसला. कुणीतरी मागून शिवी हासडली. ती आजही माझ्या कानात आहे, आणि तिला मी चूक म्हणणार नाही.

विभागप्रमुखाने आवाज खाली आणला. "मास्तर, तुम्ही चिडलेले आहात. हे लेखी गेलं तर नोकरी जाईल तुमची. आणि पुरावा काय याला? कशावरून तुमच्याच हातानं गेलं?"

अंगणातल्या प्रत्येकाला पुढचे वाक्य पाठ होते. दोघा-तिघांचे ओठही हलले.

"मला विचारा," मास्तर म्हणाले. "पानाला आधी विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. आता मलाच विचारा."

त्यांनी नोंदवही ओढून घेतली आणि उभ्या उभ्या लिहिले. आधीचा अहवाल रद्द. रोग निरीक्षकाच्या हाताने पसरला. हात दुधाने धुतलेले नव्हते. मग दोन-दोन ओळींची सगळी हकीकत, अकरा निरोगी रोपांसकट. खाली सही केली आणि वही पंपवाल्याकडे दिली. त्याने दात-ओठ खात सही केली, मग बाकीच्यांनी. वहिनींनी सगळ्यात शेवटी, अक्षरे एकेक करून.

नऊ सह्यांची नोंद विभागप्रमुखाला फाडता आली नाही. त्याने ते कलम शोधून काढले, घाम पुसला आणि लिहून दिले: परवाना कायम, नऊही रानांना नवी रोपे. स्वतःच्या बाटलीबद्दल त्याने एक अक्षर लिहिले नाही. ती बाटली नंतर कितीतरी दिवस त्याच टेबलावर होती, आणि पुढच्या निरीक्षकालाही तसलीच मिळाली. मास्तर वाईट वागले. पण वाईट वागून कबूल करणारा तिथे एकच निघाला, आणि गेला तोच. लोक त्यालाच तिरसट म्हणतात.

सगळे आटोपले तेव्हा मास्तरांनी मोटरसायकलची किल्ली माझ्या काट्यावर आणून ठेवली.

"वजन घे रे," म्हणाले.

मला हसता आले नाही. "मास्तर, घरी सोडू का?"

"नको."

वहिनी उभ्या होत्या त्या पायरीसमोरून ते गेले. थांबतील असे मला वाटले, पण माफी मागायला कमरेत वाकावे लागते आणि ते त्यांच्या हाडांना येत नव्हते. पायरीशी त्यांची चाल फक्त जराशी मंदावली. वहिनींनी त्यांना हाक मारली नाही. त्यांनी माफ केले असे त्या पुढेही कधी म्हणाल्या नाहीत, आणि मला विचाराल तर केलेही नसावे.

फाटकाबाहेर दोन वाटा आहेत. सरळ वाट घराकडे जाते. उजवीकडची अरुंद पायवाट वहिनींच्या रानाकडे, दोन्ही बाजूंनी तंबाखू. मास्तर उजवीकडे वळले. आजारी ओळी उपटायच्या होत्या, आणि ते काम दुसऱ्याच्या हातात द्यायचे नव्हते. त्या दिवसांत पान वाटेवर झुकलेले असते, चालताना अंगाला लागते. मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरले, आणि अंग चोरत, कुठल्याही पानाला स्पर्श होणार नाही असे, हळूहळू चालत गेले.

तंबाखूवाले शिव्या घालत पांगले. विभागप्रमुख आत गेला. वहिनी मात्र पायरीवर तशाच उभ्या होत्या, आणि मास्तरांची पाठ वळणाआड जाईपर्यंत त्यांची नजर त्या धरलेल्या मनगटावरून हलली नाही.